माहितीपत्रकावर नावं कुणाची? छोट्या पर्यावरणपूरक संस्थेतल्या माणसांविषयी

प्रश्न थोडक्यात असा. गोरेगाव पश्चिमेला पाच जणांचा एक गट दोन वर्षं तीन सोसायट्यांमध्ये ओल्या कचऱ्याचं खत करतो आहे. रविवारी ते टेबल मांडून बायोएन्झाइम (गूळ आणि साली आंबवून केलेलं सफाईचं पाणी), कापडी पिशव्या, काथ्याच्या घासण्या विकतात. गटात बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई (प्रश्न त्यांचाच), त्यांची शिक्षिका मैत्रीण, बेस्टमधून निवृत्त झालेले एक काका, सीएची आर्टिकलशिप करणारा मुलगा आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. आता संस्था नोंदवायची म्हणून माहितीपत्रक करायला घेतलं आणि 'आमची माणसं' या पानावरून पहिलं मोठं भांडण झालं. संस्थापक कोण, समन्वयक कोण, कोणाचा फोटो वर. ताईंना चार गोष्टी हव्या आहेत: नावं कशी लिहावीत, नोंदणी कुठल्या कायद्याखाली करावी, पगारी माणूस कधी ठेवावं, आणि त्यांनी स्वतः बँकेची नोकरी सोडावी का.

ताई, भांडण आत्ता झालं हे उत्तम. नोंदणीनंतर झालं असतं तर वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात खेटे घालत भांडावं लागलं असतं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पाच जणांची ओळख तुम्ही पहिल्याच परिच्छेदात शिक्षण, नोकरी, आवड यांसकट करून दिली आहे. आणि अगदी शेवटी, जवळजवळ ताजा कलम म्हणून एक ओळ आहे: "सफाईच्या एक मावशी रोज मदत करतात, त्यांना महिन्याला थोडेफार देतो." माझं सगळं उत्तर या ओळीवर आहे. तुमच्या पाचांपैकी कोणीही महिनाभर आलं नाही तरी तिन्ही सोसायट्यांत खत होत राहील. मावशी चार दिवस आल्या नाहीत तर पाचव्या दिवशी वास येतो म्हणून पहिल्या मजल्यावरचा फोन येईल, सातव्या दिवशी सेक्रेटरी खताचे ड्रम उचलायला सांगतील. म्हणजे तुमची संस्था आज ज्या माणसावर उभी आहे, त्या माणसाचं नावही मला पत्रात सापडलं नाही.

मी पार्ल्यात राहते, आणि पंचवीस-एक वर्षं याच कामात आहे. आधी आमच्या गल्लीच्या एएलएममध्ये, मग दोन छोट्या संस्थांमध्ये, आता जो बोलावेल त्याच्याकडे. एएलएम म्हणजे अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट. १९९७ साली घाटकोपरच्या जोशी लेनपासून सुरू झालेली, महापालिका आणि रहिवासी यांनी मिळून गल्ली सांभाळायची पद्धत. त्या काळात उत्साह दांडगा होता. पण माझ्या ओळखीच्या कितीतरी एएलएम एकाच माणसाच्या जिवावर चालल्या, आणि ते गृहस्थ मुलाकडे पुण्याला गेले किंवा त्या बाईंचे गुडघे गेले की गांडूळखताच्या खड्ड्यात कुंड्या ठेवल्या गेल्या. नंतर दुसरी लाट आली. २ ऑक्टोबर २०१७ पासून २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठं आवार असलेल्या किंवा रोज १०० किलोपेक्षा जास्त ओला कचरा निघणाऱ्या सोसायट्यांनी तो आवारातच जिरवावा, असं महापालिकेने बजावलं. मग सोसायट्यांनी लाखालाखांची ओडब्ल्यूसी, म्हणजे ओल्या कचऱ्याचं खत करणारी मशिनं घेतली. त्यातली बरीच आज जिन्याखाली प्लास्टिक पांघरून बसलेली मी पाहिली आहेत. मशीन चालवायला माणूस कोण, हा विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर कधी आलाच नव्हता.

मावशींचं काम "मदत" या शब्दात बसत नाही. ते नेमकं काय असतं ते आमच्याकडे खताचे ड्रम सांभाळणाऱ्या एका ताईंवरून सांगते. सकाळी साडेआठला त्या पहिल्या ड्रमचं झाकण उघडतात आणि आधी नाकाने काम करतात. आंबट वास आला तर आत हवा जात नाही, पाणी जास्त झालंय. अमोनियाचा, डोळ्यांना झोंबणारा वास आला तर हिरवा माल जास्त आणि पाला कमी. पुस्तकात यालाच कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण म्हणतात, पंचवीस-तीसाला एक असावं म्हणतात. मग मधल्या थरातली मूठभर काढून आवळायची. बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर सुका पाला, काहीच आलं नाही तर आंबट ताकाचं पाणी. पंजा आत घातल्यावर हात पटकन मागे घ्यावासा वाटला पाहिजे. पन्नास-साठ अंशांवर गेलेला ढीग तसाच लागतो, त्यासाठी थर्मामीटर लागत नाही. पांढुरक्या जाड अळ्या दिसल्या की कार्यशाळेला आलेली मंडळी किंचाळतात. या ताई म्हणतात, "असू दे, त्या माझ्या बायका आहेत." त्या सैनिक माशीच्या अळ्या. त्या कचरा झपाट्याने खातात आणि कोणाला चावत नाहीत. फार वाढल्या तर वरून दोन घमेली पाला टाकायचा.

पाल्याचं शास्त्र तर वेगळंच. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं थेट मिसळतात. सोनमोहोराचीही. देशी बदाम आणि फणस यांची पानं चामड्यासारखी, ती पोत्यात भरून पायाखाली तुडवावी लागतात, नाहीतर महिन्यांनीही जशीच्या तशी निघतात. मुंबईत पानगळ मुख्यतः फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा झाडूवाल्यांशी गोड बोलून पोती भरून ठेवली तर जुलैत ढीग वाचतो. नाही ठेवली तर पावसाळ्यात कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या विटा विकत आणा. आमच्या ताईंनी एका वर्षी चाळीसेक पोती पंपरूमच्या मागे रचली आणि "हा कचरा कोणाचा" म्हणून ओरडायला आलेल्या खजिनदारांना सांगितलं, "साहेब, तुमच्या पावसाळ्याचा विमा आहे." मी एवढं चांगलं कधी सांगू शकले नसते.

शंभर किलो ओल्या कचऱ्यातून पंधरा-वीस किलो खत निघतं. बाकीचं सगळं वाफ होऊन जातं, आणि त्याबरोबर ती मेहनतही दिसेनाशी होते. छापायच्या फोटोत खताची पिशवी असते आणि ती हातात धरलेला माणूस असतो. बहुतेक वेळा तो संस्थापक असतो.

मावशींच्या जोडीला आणखी काही माणसं आहेत, तुमच्या पत्रात ती अजिबातच नाहीत. घरकामाला येणाऱ्या बायका. तुम्ही लिहिता की रविवारी संध्याकाळी वर्गीकरणाच्या कार्यशाळा घेता आणि तरीही ओल्या डब्यात दुधाच्या पिशव्या येतात. येणारच. कार्यशाळेला येतात त्या घराच्या मालकीणबाई. डबा रिकामा करतात त्या सकाळी अकराला चौथं घर उरकणाऱ्या ताई, आणि त्यांना कोणी काही सांगितलेलं नाही. जे सांगितलं ते "दोन डबे वेगळे ठेव" एवढंच. तुमची एक कार्यशाळा दुपारी दोनला करा, जिन्यापाशी, पंधरा मिनिटांची. त्या वेळेला त्या एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जात असतात किंवा डबा खायला बसलेल्या असतात. चहा द्या, आणि डायपर-पॅड कुठल्या कागदात गुंडाळायचे आणि त्यावर लाल ठिपका का काढायचा हे तुमच्या मावशींनाच सांगू द्या. दुसऱ्या आठवड्यात डबा बदललेला दिसेल.

आणि सुका कचरा. इथे बहुतेक नवे गट अनवधानाने कोणाच्या तरी पोटावर पाय देतात, म्हणून जरा थांबून सांगते. तुम्ही म्हणता की आता सुका कचराही गोळा करून पुनर्वापराला पाठवायचा विचार आहे आणि येणारे पैसे झाडं लावायला वापरायचे. छान. पण सध्या त्या सोसायट्यांतलं पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या कोण उचलतं? इमारतीचा सफाई कामगार. तो ते भंगारवाल्याला विकतो, आणि त्याच्या पगाराचा तो अलिखित भाग असतो. सोसायटी त्याला कमी पगार देते कारण "वरचं त्याला मिळतं" हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही तो माल उचललात की त्याचा पगार कापला गेला, आणि तोही झाडं लावण्यासाठी. पुढच्या महिन्यात तुमच्या ड्रममध्ये काचा सापडायला लागल्या तर आश्चर्य वाटून घेऊ नका. सुक्या मालाचे पैसे त्याचेच राहू द्या. तुम्ही फक्त चांगला भाव देणारा भंगारवाला गाठून द्या आणि माल कोरडा राहील एवढी जागा मिळवून द्या.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. १९७५ साली मुंबईत सुरू झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने नव्वदच्या दशकाच्या शेवटी 'परिसर विकास' हा कार्यक्रम हाती घेतला, तो कचरा वेचणाऱ्या बायकांना मध्यभागी ठेवून. त्यांचे गट, ओळखपत्रं, बचत, खत आणि बागकामाचं प्रशिक्षण, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या निसर्गऋण पद्धतीचे बायोगॅस प्रकल्प चालवण्याचं प्रशिक्षण. 'परिसर भगिनी' म्हणून त्या सोसायट्यांत कामाला जाऊ लागल्या. कचऱ्याच्या प्रश्नाकडे रोजगाराच्या बाजूने पाहिलं की माणसांची यादीच वेगळी तयार होते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी भाज्या-फळांची बाग उभी केली, तीही स्वयंपाकघराच्याच ओल्या कचऱ्यावर. त्या तिथल्या खानपान विभागातच अधिकारी होत्या, बाहेरून शिकवायला आल्या नव्हत्या. साली जिथे निघतात तिथल्याच माणसाने हात घातला, हे मला त्या बागेपेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

आता माहितीपत्रक. पदं काढून टाका. 'संस्थापक-संचालक', 'सह-समन्वयक' हे शब्द पाच माणसांच्या गटात लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांइतकेच उपयोगाचे असतात. नावापुढे काम लिहा, आणि शक्य तिथे वारही लिहा. अमुक: तिन्ही सोसायट्यांतले ड्रम, रोज सकाळी. अमुक: हिशोब आणि पावत्या, शनिवारी. अमुक: नव्या सोसायट्यांशी बोलणी. अमुक: बायोएन्झाइम. हे लिहायला बसलात की दोन गोष्टी आपोआप उघड्या पडतील. एक, मावशींचं नाव पहिलं येईल, कारण 'रोज' हा शब्द फक्त त्यांच्यापुढे असेल. दोन, कोणाच्या तरी नावापुढे लिहायला काही सापडणार नाही. त्या व्यक्तीशी आधी चहा प्या, मग छपाईला द्या. बऱ्याचदा त्या व्यक्तीला काम हवं असतं आणि कोणी दिलेलं नसतं. फोटो घालायचाच तर सगळ्यांचा एकत्र, ड्रमशेजारी. मावशींना मात्र आधी विचारा. नाव-फोटो छापलेला आवडेलच असं नाही. काहींच्या घरी सासर-माहेरच्यांना ठाऊक नसतं की बाई कचऱ्याचं काम करते. त्या नको म्हणाल्या तर नको, पण विचारल्याशिवाय वगळू नका.

तुमच्या पाच जणांकडे याच नजरेने पाहिलं तर मला असं दिसतं. आर्टिकलशिपच्या मुलाला तुम्ही खजिनदार ठरवला आहे, कारण त्याला हिशोब कळतो. कळत असेल, पण सप्टेंबरमध्ये तो माणूस तुम्हाला दिसणार नाही. त्याच्या ऑफिसात लोकांच्या ऑडिटच्या तारखा असतात, आणि नेमके तुमच्या विश्वस्त संस्थेचे तपासलेले हिशोबही ३१ मार्चनंतर सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर द्यायचे असतात. काकांना खजिनदार करा. बेस्टमध्ये ते कुठल्या खात्यात होते हे तुम्ही लिहिलेलं नाही. डेपोच्या कॅशमध्ये असतील तर सोन्याहून पिवळं. निवृत्त माणसाला रोजची वही आवडते, आणि दहा रुपयांचा फरक सापडेपर्यंत त्याला झोप येत नाही. मुलाने वर्षातून दोनदा ती वही तपासावी. दोघांनाही मान.

शिक्षिका मैत्रिणीला तुम्ही शाळांचे कार्यक्रम दिले आहेत ते योग्यच, पण मला त्या सोसायट्यांच्या सभांमध्ये जास्त उपयोगी वाटतात. चाळीस जणांच्या गोंगाटात आवाज न चढवता मुद्द्यावर आणायची सवय फक्त शिक्षकांना असते. कॉलेजच्या मुलीकडे बायोएन्झाइम आहे. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी हे प्रमाण तिला पाठ असेल, पण पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस सोडावा लागतो, आणि तिची परीक्षा एप्रिलमध्ये असते. तिच्या परीक्षेत झाकणं कोण उघडणार हे आजच ठरवा. फुटलेल्या बाटलीचा रस छतावरून पुसायला लागला की घरच्यांचा पाठिंबा एका दिवसात संपतो.

झाकणांवरून मोठा मुद्दा निघतो तो सुट्ट्यांचा. मुंबईतल्या स्वयंसेवकांचं वेळापत्रक ठरलेलं आहे. मेमध्ये सगळे गावाला. गणपतीत कोकणातले सगळे पुन्हा गावाला. दिवाळीत उरलेले. आणि ओला कचरा नेमका तेव्हाच वाढतो: मेमध्ये आंब्याच्या कोयी-साली, गणपतीत निर्माल्य, दिवाळीत पाहुण्यांचा स्वयंपाक. माझा साधा नियम आहे. गटात कोकणातली आणि घाटावरची अशी दोन्हीकडची माणसं हवीत. गणपतीत घाटावरचे थांबतात, गावच्या जत्रेला ते गेले की कोकणातले सांभाळतात. ऐकायला गंमत वाटेल, पण आमच्या एका संस्थेची हजेरी वर्षानुवर्षं याच तत्त्वावर चालली. आणि माणूस शक्यतो चालत दहा मिनिटांवरचं घ्या. विरारहून आठ सत्तावन्नची लोकल पकडून येणाऱ्या मुलाची तळमळ खरी असते, पण पहिल्याच पावसात गाड्या बंद पडल्या की ती नालासोपाऱ्याच्या अलीकडे अडकते.

जागा देणारी माणसंही तुमचीच माणसं समजा. वॉचमनकडे पंपरूमची किल्ली असते, त्याला दिवाळी द्या. सेक्रेटरी आज तुमच्या बाजूचे असतील, पण सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते, समिती बदलते, आणि नव्या सेक्रेटरींना जुन्यांचं सगळंच खटकतं. म्हणून तोंडी परवानगीवर राहू नका. 'आवारातल्या ओल्या कचऱ्याचं खत करण्यासाठी अमुक जागा, अमुक पाणी, महिना अमुक रक्कम' एवढा ठराव सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत ठेवा. तीन ओळी पुरतात.

नोंदणीबद्दल लवकर आटोपते, कारण यावर सल्ला देणारे पुष्कळ आहेत. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली जायचं तर किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात त्या संस्थेची सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते. सात पूर्ण करायला म्हणून मेहुण्याचं आणि वहिनीचं नाव घालू नका, तीच नावं पुढे सह्यांना मिळत नाहीत. कंपनी कायद्यातली कलम आठची, म्हणजे नफा वाटून न घेणारी कंपनी दोघांतही निघते, पण दरवर्षीचं कागदकाम आणि त्याचा खर्च तुमच्या आवाक्याबाहेरचा आहे. पाच जणांना १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचा विश्वस्त निधी, म्हणजे ट्रस्ट बरा. फक्त हे पक्कं लक्षात असू द्या की विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहून गेला की पुढे बँकेत सही कोणाची यावर सगळं अडतं. म्हणून जो पुढच्या वर्षी परदेशी शिकायला जाणार आहे त्याला विश्वस्त करू नका, कितीही गुणी असला तरी. कॉलेजची मुलगीही विश्वस्त नको, सल्लागार असू दे. विक्री आणि देणगी यांची पावतीपुस्तकं पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. ज्याला आपण सगळे ८०जी म्हणतो ती आयकराची सवलत देणगीदाराला २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर मिळत नाही, तेव्हा मोठी रक्कम चेकने किंवा खात्यावर घ्या.

पगारी माणूस कधी ठेवावं, असं तुम्ही विचारता. तुम्ही ठेवलेलंच आहे, फक्त पगार ठरवलेला नाही. 'थोडेफार' हा आकडा आजच बदला. तीन सोसायट्यांत मिळून मावशींचे किती तास जातात ते आठवडाभर लिहून काढा, किमान वेतनाच्या दराने त्याची रक्कम काढा, आणि तीन सोसायट्यांना वाटून सांगा. प्रत्येक घराला महिन्याला किती पडतं ते मोठ्याने वाचून दाखवा. एका वडापावच्या आसपास येतं बहुधा, आणि सभेत कोणी हरकत घेत नाही. घेतली तर ती सोसायटी सोडा. पैसे मावशींच्या खात्यावर जाऊ द्यात. आठवड्याची सुट्टी ठरवा आणि त्या दिवशी ड्रम कोण बघणार त्याचं नाव लिहा. तुमच्यापैकीच कोणीतरी, आळीपाळीने. संस्थेच्या माणसांना महिन्यातून एकदा तरी स्वतःच्या नाकाने वास घ्यायला लागला पाहिजे.

सुरक्षिततेबद्दल कोणी विचारत नाही. कोपरापर्यंतचे रबरी मोजे, गमबूट, धनुर्वाताचं इंजेक्शन. पावसाळ्यात आवारात पाणी साचतं, उंदीर असतातच, आणि लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) पायाच्या छोट्या जखमेतून शिरतो. तुंबलेल्या पाण्यातून काम केलं असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे न्या, ताप यायची वाट पाहू नका. महापालिकेच्या दवाखान्यात प्रतिबंधक गोळ्या मिळतात. बँकेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा निघतो, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. तुम्ही बँकेतल्या आहात, हा फॉर्म तुमच्या टेबलावर पडलेला असेल. ई-श्रमचं, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं कार्डही काढून द्या.

"सीएसआर मिळाला की पगार देऊ" असं काकांचं म्हणणं आहे. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामाला द्यायचा पैसा. तो भरवसा धरू नका. सीएसआरच्या निधीसाठी संस्थेच्या कामाचा किमान तीन वर्षांचा इतिहास लागतो, आणि तुमचा नोंदणीकृत इतिहास अजून सुरूच व्हायचाय. शिवाय कंपन्यांना ड्रम द्यायला आवडतं, ड्रमवर नाव रंगवता येतं. मावशींच्या पगारावर कोणाचं नाव रंगवणार? माझ्या पाहण्यात ज्या छोट्या संस्था टिकल्या त्या सोसायट्यांच्या मासिक पैशावर टिकल्या. देणगीतून त्यांनी अवजारं घेतली, पगार कधी दिले नाहीत.

तज्ज्ञ माणूस बाहेरून आणावा का, असंही तुम्ही ओझरतं विचारलं आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' उभा केला तो या प्रश्नाला उत्तर म्हणूनच म्हणा ना. प्रत्येकाने आपल्या अंगणात, शेतात, गच्चीवर करून पाहायचं आणि जे दिसलं ते इतरांना कळवायचं. गुरू कोणी नाही. तुमच्याकडे तीन सोसायट्या म्हणजे तीन प्रयोग आहेतच. एका वहीत मावशींनी सांगायचं आणि कॉलेजच्या मुलीने लिहायचं: आज पाला कोणता, वास कसा, पाऊस किती. दोन पावसाळे झाले की ती वही दाखवून तुम्ही चौथ्या सोसायटीत जाल, आणि शिकवायला मावशी जातील. शिकवण्याचे त्यांना वेगळे पैसे द्या, जेवढे बाहेरच्या तज्ज्ञाला दिले असते तेवढे.

आता तुमची नोकरी. इतक्यात सोडू नका. कारण भावनिक नाही, हिशोबाचं आहे. संस्थेच्या खात्यात मावशींचा वर्षाचा आणि तुमचा निदान सहा महिन्यांचा पगार जमा असेल तर मी हो म्हणेन. आज तो नाही. नोकरी सोडून तुम्ही बिनपगारी काम करू लागलात की वर्षभरात दोन गोष्टी होतात. घरखर्चाची चिडचिड गटावर निघते, आणि "मी एवढं सोडलं" हे वाक्य प्रत्येक बैठकीत येतं. त्या वाक्यापुढे बाकीचे चार जण गप्प बसतात आणि हळूहळू यायचे थांबतात. पगार घ्यायचाच तर आधी ठरवा की तुम्ही विश्वस्त राहणार की नोकरदार. विश्वस्त राहून मोबदला घ्यायचा असेल तर न्यासपत्रात (ट्रस्ट डीडमध्ये) तसं कलम हवं आणि रक्कम वाजवी हवी, नाहीतर आयकर खातं आणि धर्मादाय दोन्हीकडे उत्तरं द्यावी लागतात. त्यापेक्षा विश्वस्तपद मैत्रिणीला द्या आणि नेमणूकपत्र घेऊन काम करा. 'संस्थापक' हे बिरुद त्यात जाईल, पण रात्री झोप लागेल.

मधला मार्ग हवा असेल तर बँकेत बिनपगारी रजा मिळते का विचारा, आणि मिळाली तर जून ते सप्टेंबर घ्या. डिसेंबरात हे काम कोणालाही जमतं. पावसात ढीग बिघडतात, निर्माल्याच्या गाड्या येतात, सोसायट्यांच्या सभा आणि ऑडिटही त्याच महिन्यांत येतं. ते चार महिने काढून ऑक्टोबरातही सोडावीशी वाटली तर राजीनाम्याचा मसुदा मला दाखवा. रजेचा अर्ज मात्र एप्रिलमध्येच द्या, मेमध्ये तुमचे मॅनेजरही गावाला गेलेले असतील.